कोपभवनाच्या दाराशी

म्हैसूरचा दसरा म्हटला की अंबारीचा हत्ती आणि दिव्यांनी उजळलेला राजवाडा आठवतो. त्याच दिवसांत तिथल्या घराघरांत आणखी एक सण चालू असतो. गोंबे हब्ब, म्हणजे बाहुल्यांचा सण. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर देव, प्राणी, वाणी, वाजंत्री अशा बाहुल्या बसतात आणि मानाची जागा मिळते ती 'पट्टद गोंबे' या राजाराणीच्या लाकडी जोडीला. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून देण्याची रीत आहे.

आर. के. नारायण यांच्या 'द डार्क रूम' या 1938 साली आलेल्या कादंबरीतलं एक मोठं भांडण नवरात्रातल्या अशाच मांडणीपायी होतं. मालगुडीतल्या एका घरात सावित्रीने बाहुल्या मांडल्या आहेत. तिचा मुलगा बाबू हौसेने विजेची रोषणाई करतो, पण त्याच्या खटपटीत घरातले दिवे जातात. वडील, रमणी, कामावरून येतात, अंधार बघून भडकतात आणि मुलाला मारतात. सावित्री स्वयंपाकघराजवळच्या अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत जाते आणि जमिनीवर पडून राहते. ती जेवत नाही, बोलत नाही. मुलं कावरीबावरी होतात. रमणीला मात्र तिच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायची गरज वाटत नाही. समजूत घालायला यावं लागतं ते जानम्माला, तिच्या मैत्रिणीला. आणि ती समजूत तरी काय घालते? बाईने नवऱ्याशी वाद घालू नये, आमच्या घराण्यातल्या बायकांनी याहून कितीतरी जास्त सोसलं.

रुसून खोलीत जाऊन बसणं आपल्याकडे रामायणाइतकं जुनं आहे. कैकेयी कोपभवनात जाऊन पडली तेव्हा दशरथ धावत तिच्यापाशी गेला आणि काय झालं म्हणून विनवू लागला. पुढे जे घडलं ते सर्वनाशाचं होतं, पण रुसणाऱ्या माणसाची अपेक्षा काय असते हे त्या प्रसंगात नेमकं दिसतं. कुणीतरी दाराशी यावं, विचारावं, आपल्या दुखण्याची दखल घ्यावी. सावित्रीच्या वाट्याला हे येत नाही. तिला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

नात्यातल्या भावनिक उपेक्षेचं हे इतकं साधं चित्र आहे की ते सहज नजरेतून सुटतं. मारहाणीचा वळ उठतो, शिवी ऐकणारा साक्षीदार असतो. उपेक्षेचा पुरावा मिळत नाही, कारण ती न घडलेल्या गोष्टींची मिळून बनलेली असते. तब्येत बरी नव्हती तेव्हा कुणी विचारलं नाही. आनंदाची बातमी सांगितली तेव्हा कुणी मान वर केली नाही. रडू आलं तेव्हा शेजारचा माणूस कूस बदलून झोपला. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक असते आणि प्रत्येक घरात कधी ना कधी घडते. जोडीदाराच्या मनाला प्रतिसाद न देणं हीच जेव्हा घराची रीत होते, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, तेव्हा तिला उपेक्षा म्हणायचं.

असं दुःख सांगायला गेलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. 'कमावतो, पीत नाही, हात उचलत नाही. आणखी काय पाहिजे तुला?' पुरुषाला दुसऱ्या शब्दांत तेच ऐकावं लागतं. 'बायको घर सांभाळते, आईवडिलांचं करते. तुझी तक्रार काय?' मग सांगणारा गप्प होतो आणि आपलंच काही चुकतंय, आपणच जास्त हळवे आहोत, असं समजू लागतो. म्हणूनच या दुखण्याची नीट ओळख करून घ्यायला हवी.

मालगुडीतले दोन नवरे

नारायण यांचा जन्म 1906 चा, मद्रासचा. पण त्यांचं लेखन घडलं म्हैसुरात. वडील तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि स्वतः नारायण 1930 मध्ये महाराजा कॉलेजातून बी.ए. झाले. मालगुडी हे गाव कल्पनेतलं, पण तिथल्या माणसांची नाती त्यांनी म्हैसूरच्या रस्त्यांवरून रोज फिरताना, लोकांशी गप्पा मारताना टिपलेली.

रमणी हा विमा कंपनीतला अधिकारी. तो चोवीस तास दुष्ट वागत नाही, आणि नारायण यांची जाण इथेच दिसते. एका संध्याकाळी तो खुशीत घरी येतो आणि बायकोला सिनेमाला घेऊन जातो. सिनेमा कुचेलाचा, म्हणजे आपल्या सुदाम्याच्या गोष्टीवरचा. शेजारी बसलेल्या देखण्या बायकोचा त्याला अभिमानही वाटतो. पण घरातलं हवामान त्याच्या लहरीवर ठरतं. सकाळी बाबूला ताप आहे, त्याला शाळेत पाठवू नको असं आई म्हणते. बाप तिचं म्हणणं एका वाक्यात उडवून लावतो. कोणती भाजी करावी इथपासून मुलाचा ताप किती इथपर्यंत, सावित्रीच्या मताला त्या घरात वजन नाही. पुढे कंपनीत आलेल्या शांताबाईत रमणी गुंततो तेव्हा सावित्री अंगावरचे दागिने उतरवून घराबाहेर पडते आणि नदीवर जीव द्यायला जाते. मारी नावाचा कुलपं दुरुस्त करणारा माणूस तिला वाचवतो. एका खेड्यातल्या देवळात ती काम धरते. पण मुलांच्या ओढीने तिला परतावंच लागतं. घर तिला परत घेतं, पण घरात काहीही बदलत नाही. 1938 सालच्या स्त्रीपाशी स्वतःचं उत्पन्न नसेल तर तिची वाट कुठे संपते, हे नारायण यांनी न लपवता लिहिलं.

वीस वर्षांनी, 1958 मध्ये, 'द गाइड' आली. त्यावरचा देव आनंद आणि वहिदा रहमान यांचा 1965 चा चित्रपट मराठी वाचकांनी पाहिलेला असतो. चित्रपटातला मार्को, म्हणजे नायिका रोझीचा नवरा, रंगेल वाटतो. कादंबरीतला मार्को त्याहून वेगळा आणि जास्त विचार करायला लावणारा आहे. तो विद्वान आहे, पैसेवाला आहे. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्याने रोझीशी लग्न केलं. ती एम.ए. झालेली, देवदासींच्या घरात जन्मलेली. त्याने तिची जात पाहिली नाही, हुंडा मागितला नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा सुधारक विचारांचा नवरा वाटेल. पण त्याचं सगळं चित्त जुन्या गुहांमधल्या भित्तिचित्रांत. भिंतीवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या, रंगवलेल्या आकृतींची तो तासन्‌तास नक्कल उतरवून घेतो. शेजारी जिवंत नर्तकी उभी आहे, तिच्या पायांत नाच आहे, आणि त्याबद्दल त्याला तिरस्कार सोडून काही वाटत नाही.

मालगुडीत पाय ठेवल्याबरोबर रोझी विचारते, इथे नाचणारा नाग बघायला मिळेल का? मार्कोला त्यात रस नाही. राजू नावाचा गाइड तिला गारुड्याकडे घेऊन जातो. पुंगीच्या सुरावर नाग डोलू लागतो आणि तिचे हात, तिचं अंग आपोआप त्या लयीत हलू लागतं. राजू ते बघतो. लग्न झाल्यापासून कुणीतरी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलेलं असतं. पुढे राजूचं आणि तिचं जे होतं त्याचं समर्थन करायची गरज नाही, राजूही शेवटी तिच्या कलेचा व्यापारच करतो. पण त्या नात्याची सुरुवात कुठून झाली हे लपत नाही. एका साध्या प्रश्नाला एकाने उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्याने दिलं.

हे संबंध कळल्यावर मार्को ओरडत नाही, मारत नाही. तो तिच्याशी बोलणंच बंद करतो. ती त्याच्यामागे गुहेपर्यंत जाते, माफी मागते, दिवसचे दिवस मागे मागे फिरते. तो असा वागतो जणू तिथे कुणी नाहीच. अखेर तिला मालगुडीच्या स्टेशनवर सोडून तो गाडीत बसून निघून जातो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण आपल्या हेही लक्षात येतं की त्याच्या लेखी ती आधीपासूनच फारशी नव्हती.

छोट्या हाका

रोझीच्या त्या नागाच्या प्रश्नाला आजचे मानसशास्त्रज्ञ फार महत्त्व देतील. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी 1990 च्या सुमारास घरासारखी सजवलेली एक प्रयोगशाळा उभी केली. नवविवाहित जोडपी तिथे येऊन राहत, चहा करत, खिडकीबाहेर बघत, गप्पा मारत, आणि संशोधक त्यांचं बोलणं-वागणं टिपून घेत. गॉटमन यांना दिसलं की जोडीदार दिवसभर एकमेकांना बारीकसारीक हाका देत असतात. 'तो पक्षी बघ', 'आज पाठ दुखतेय', 'आईचा फोन आला होता.' प्रत्येक वाक्यात माहितीच्या आत एक मागणी असते, माझ्याकडे बघ. समोरचा माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. त्या हाकेकडे वळतो, तिच्याकडे दुर्लक्ष करतो किंवा खेकसतो.

सहा वर्षांनी त्या जोडप्यांचं काय झालं ते पाहिलं तेव्हा गॉटमन यांच्या हाती पुढचे आकडे आले. एकत्र टिकलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना सरासरी 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांनी 33 टक्के वेळा. हे एका गटाचे आकडे आहेत, त्यावरून कुणाच्याही संसाराचं भविष्य सांगता येणार नाही. पण संसार मोठ्या भांडणांनी जेवढा मोडतो, तेवढाच या निरुत्तर राहिलेल्या छोट्या हाकांनीही झिजतो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

दुसरा धडा सुखाच्या वेळेचा आहे. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये आनंदाच्या बातमीला जोडीदार कसा प्रतिसाद देतो याचा अभ्यास मांडला. समजा, म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या एका घरात ती संध्याकाळी येऊन सांगते, 'अरे, माझं नाव नव्या प्रोजेक्टसाठी निवडलंय.' तो म्हणू शकतो, 'अरे वा! कुणी निवडलं? सांग ना सगळं.' तो टीव्हीवरून नजर न हटवता 'छान' म्हणू शकतो. 'म्हणजे आता रात्री उशिरा येणार तू' असंही म्हणू शकतो. किंवा ऐकलंच नाही असं करून विचारू शकतो, 'दूध आणलंस का?' अभ्यासात असं दिसलं की नात्याला बळ देतो तो पहिला प्रतिसाद. बाकीचे तिन्ही नातं कमकुवत असल्याची खूण ठरतात, आणि त्यात ते निर्विकार 'छान'सुद्धा येतं. संकटात बहुतेक नवरे-बायका एकमेकांसाठी धावतात. आनंदात सोबत करायची राहून जाते.

शरीराला कळतं

प्रतिसाद न मिळणं माणसाला किती खोल लागतं हे एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1978 मधल्या प्रयोगात दिसलं. तान्ह्या बाळाशी खेळणाऱ्या आईला काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आई तशीच. मग ते नजर फिरवतं, मलूल होतं. आईने त्याला दुखवलेलं नसतं, ती समोरच बसलेली असते. मोठेपणी आपण बोलायला शिकतो, पण हा क्रम तसाच राहतो. आधी वेगवेगळ्या तऱ्हेने लक्ष वेधायचा प्रयत्न, मग तक्रार, मग तोंड फिरवणं. उपेक्षित जोडीदार एक दिवस भांडायचा थांबतो आणि घरात शांतता येते. ती समेटाची आहे असं समजून दुसरा निश्चिंत होतो. खरं तर तेव्हाच सर्वांत जास्त काळजी करायला हवी.

2006 मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांचं एमआरआय केलं. यंत्रात असताना त्यांना सौम्य विजेचा झटका बसण्याची भीती घातली. कधी हात मोकळा, कधी अनोळखी माणसाच्या हातात, कधी नवऱ्याच्या. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याच्या प्रतिक्रिया सर्वांत कमी झाल्या, आणि ज्यांचं नातं चांगलं होतं त्यांच्यात तर अधिकच. जवळच्या माणसाचा आधार आपलं शरीर गृहीत धरून चालतं. तो आधार असून नसल्यासारखा झाला की सगळी भीती एकट्याने पेलावी लागते. झोप उडणं, सतत थकवा, डोकं दुखणं अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला म्हणूनच कधीकधी घरातलं वातावरणही विचारावं लागतं.

माणसं अशी का वागतात?

दुर्लक्ष करणारा प्रत्येक माणूस निष्ठुर नसतो. सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी 1987 मध्ये मांडलं की लहानपणी आईवडिलांशी जडलेल्या नात्याचा साचा मोठेपणी प्रेमातही दिसतो. ज्या घरात 'मुलगा आहेस, रडतोस काय' हेच ऐकत माणूस वाढतो, तिथे भावना झाकायला शिकतो. पुढे बायको रडली की त्याला भीती वाटते, काय करावं सुचत नाही, आणि तो उठून बाल्कनीत जातो. तिला ती पाठ दिसते. त्याची घालमेल दिसत नाही.

अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेव्ही यांनी 1990 मध्ये ज्या चक्राचा अभ्यास मांडला ते बहुतेक घरांना ओळखीचं वाटेल. एक जण बोलायला मागे लागतो, दुसरा टाळतो. टाळलं म्हणून पहिला आणखी मागे लागतो, मागे लागला म्हणून दुसरा आणखी मिटतो. ती म्हणते, 'तू बोलत नाहीस म्हणून मी कटकट करते.' तो म्हणतो, 'तू कटकट करतेस म्हणून मी बोलत नाही.' दोघांचंही खरं असतं, आणि चक्र फिरत राहतं. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्याला बदल हवा असतो तो बहुधा मागे लागतो, आणि ज्याला आहे ते सोयीचं असतं तो टाळतो. म्हणून 'कटकट' कुणाची हे ठरवण्याआधी सोय कुणाची आहे हेही पाहावं.

आजच्या म्हैसुरात याला कामाच्या जगाची भर पडली आहे. हेब्बाळच्या इन्फोसिस संकुलात प्रशिक्षणासाठी देशभरातली तरुण मंडळी येतात. त्यांत पुण्या-कोल्हापूर-बेळगावकडची मराठी मुलंमुलीही असतात. पुढे एकाची नोकरी म्हैसुरात, दुसऱ्याची बेंगळुरूत, असे संसार उभे राहतात. 2023 मध्ये या दोन शहरांमधला द्रुतगती महामार्ग खुला झाला आणि प्रवासाचा वेळ कमी झाला, पण रात्री नऊला घरी पोचलेल्या माणसाकडे पाच मिनिटांचं बोलणंही उरत नाही. ते उरलं तर फोन घेतो. अशा घरात कुणी कुणाला दुखवत नाही. दोघंही एकमेकांना गृहीत धरतात, आणि घर म्हणजे हप्ते, किराणा आणि मुलाची शाळा यांची व्यवस्था होऊन बसते.

प्रेम असूनही उपेक्षा होते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 मध्ये आलं तेव्हा घराघरांत त्यावर वाद झाले. साऱ्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाविषयी, म्हणजे आपल्या नवऱ्याविषयी, त्यांनी आपुलकीने लिहिलं आणि स्वतःला काय लागलं तेही लिहिलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे पचायला अनेकांना जड गेलं. घरोघरीच्या उपेक्षेचं रूप नेमकं असंच असतं.

अबोला म्हणजे उपेक्षा नव्हे

इथे सावध राहायला हवं. रुसवा, अबोला, दोन दिवसांचा राग, या गोष्टी जिवंत नात्याच्या आहेत. नारायण यांच्याच 'द इंग्लिश टीचर'मध्ये (1945) कृष्णन आणि सुशीला यांचं एका जुन्या गजराच्या घड्याळावरून कडाक्याचं भांडण होतं. तिने ते घड्याळ रद्दीवाल्याला विकून टाकलेलं असतं. मग दोघांचा अबोला. पण दोन दिवसांत तो पुढाकार घेतो, तिला मनवतो आणि दोघं सिनेमाला जातात. नारायण यांची पत्नी राजम 1939 मध्ये टायफॉइडने गेली, आणि त्या सहवासाची ऊब या कादंबरीभर आहे. सावित्रीच्या आणि सुशीलेच्या घरातला फरक भांडणाचा नाही. भांडणानंतर कुणी जवळ येतं का, याचा आहे.

काही वेळा उपेक्षा वाटते ती आजार असते. नैराश्यात माणसाला कशातच गोडी वाटत नाही, समोरच्याच्या बोलण्यातही नाही. त्याला बोल लावण्याआधी डॉक्टरांकडे न्यायला हवं. उतारवयात आणखी एक कारण हमखास निसटतं, ते म्हणजे ऐकू कमी येणं. 'चाळीस वर्षं संसार केला, आता माझ्याकडे लक्षच देत नाहीत' ही तक्रार कधीकधी कानांच्या तपासणीनंतर हलकी होते. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात 1965 पासून अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था याच कामासाठी उभी आहे. साठीच्या पुढच्या जोडप्यांनी एकमेकांवर चिडण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी, हा अगदी व्यवहाराचा सल्ला आहे. आणि काही माणसं मुळातच अबोल असतात. ती बोलत नाहीत, पण तुम्हाला बरं नसेल तर न सांगता औषध आणून ठेवतात. प्रतिसाद शब्दांतच यायला हवा असं नाही. तो यायला मात्र हवा.

काय करता येतं

ज्याला उपेक्षा सोसावी लागते त्याने पहिल्यांदा आपलं दुःख खरं आहे हे मान्य करावं. मग ते सांगावं, पण 'तुला माझी पर्वाच नाही' असं म्हणून नव्हे. त्या वाक्यावर समोरच्याला फक्त बचावच सुचतो. त्याऐवजी एक प्रसंग आणि एक मागणी. 'काल बाबांच्या तपासणीचं सांगत होते तेव्हा तू फोन बघत होतास, मला एकटं वाटलं. रात्री दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून माझ्याशी बोलशील?' अशी मागणी पुरी करता येते आणि पुरी झाली की नाही हे दोघांनाही कळतं. वेळही बघावी. दमून आलेल्या माणसाला दारातच गाठू नये.

ज्याच्याकडून उपेक्षा होते त्याचं काम त्याहून सोपं आहे, आणि जास्त महत्त्वाचंही. हाक ओळखायची आणि तिच्याकडे वळायचं. उपाय सुचवायची घाई करायची नाही. 'मग काय झालं?' एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं. बोलणं असह्य झालं तर उठून निघून जाण्याऐवजी सांगावं, 'मला आत्ता सुचत नाहीये, अर्ध्या तासाने बोलू', आणि अर्ध्या तासाने खरोखर येऊन बसावं. टाळणं आणि थांबणं यांतला फरक त्या परत येण्यात आहे.

दोघांना मिळून जमत नसेल तर समुपदेशकाकडे जावं. त्यात कमीपणा नाही. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं मुख्य केंद्र बेंगळुरूची निम्हान्स संस्था आहे. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे.

कायदा या विषयाकडे कसा बघतो हेही माहीत असावं. नुसता कोरडेपणा किंवा प्रेमाचा अभाव म्हणजे क्रूरता नव्हे, पण बेपर्वाई आणि उपेक्षा इतक्या टोकाला जाऊ शकते की सहजीवन असह्य व्हावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या एका निकालात मानसिक क्रूरतेची उदाहरणं देताना सांगितलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचाही समावेश आहे. मुद्दाम शिक्षा म्हणून महिनोन्‌महिने न बोलणं, घरखर्च अडवणं, माणसं तोडणं हे सुरू असेल तर गोष्ट उपेक्षेपलीकडे गेलेली असते. तिथे गोड बोलून मार्ग काढण्याचा सल्ला देणं अन्यायाचं आहे. तिथे मदत मागावी, आणि बाहेर पडायचं ठरवलं तर आसपासच्यांनी पाठीशी उभं राहावं.

सावित्री परत आली, कारण तिच्या हाती पैसा नव्हता, निवारा नव्हता आणि तिचं खरं मानणारं माणूस नव्हतं. पहिल्या दोन गोष्टी आजच्या अनेक स्त्रियांपाशी आहेत. तिसरी आपल्या हातात आहे. बहीण, मैत्रीण, मुलगा किंवा मित्र येऊन 'घरात सगळं आहे पण कुणी विचारत नाही' असं म्हणाला, तर जानम्मासारखी सोसण्याची उदाहरणं देऊ नयेत. त्याचं पूर्ण ऐकावं, 'हे दुखण्यासारखंच आहे' असं स्पष्ट म्हणावं. आणि मग आपल्या घरात आज कुणी आपल्याला हाक दिली होती, तिला आपण ओ दिली का, हेही स्वतःला विचारावं. ही सवय रोज लावून घ्यावी लागते, आणि ती कुठल्याही वयात लागते.